एकशे बारावरून एकतीसवर

केरबाभाऊजी,

पत्रावर आधी तारीख पाहिजे, नाहीतर तुम्ही ते हातात धरणार नाही. १४ डिसेंबर २००९, सोमवार. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा हातात धरायचा प्रश्न तसाही नाही. तरी तारीख घातली.

तुमचा लिफाफा माझ्याकडेच आहे. तो मी दिला नाही. टपाल चुकलं, पत्ता हरवला, असलं काही मी सांगणार नाही. दिला नाही म्हणजे दिला नाही.

का दिला नाही, हे तुम्हाला समोर बसवून सांगायला गेले की मी भांडायला लागते, आणि भांडणात माझी बाजू वर राहते. पस्तीस वर्षं वर्गात एकटीनेच बोलायची सवय, दुसरं काय. म्हणून पुढचं सगळं गोष्ट सांगतात तसं सांगते. त्यात तुम्ही केरबा आणि मी संयोगिताबाई. बाईंना कुठे सूट मिळणार नाही, याची काळजी घेते.

तर ऐका.

केरबा चौगले १९७२ साली साखर कारखान्याच्या गट ऑफिसात हंगामी कारकून म्हणून लागला. गट ऑफिस म्हणजे गारगोटी रस्त्याला, कळंब्याच्या पुढे, दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीबाहेर लांबलचक दगडी कट्टा. आसपासच्या नऊ गावांतल्या उसाची नोंद तिथे व्हायची. लागण झाली की शेतकऱ्याने येऊन तारीख सांगायची, केरबाने सायकलवरून रानात जाऊन स्वतः बघायचं, आणि मगच वहीत ओळ पडायची. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. या नंबराला क्रमपाळी म्हणतात. ऐकायला सरकारी शब्द वाटतो, पण ज्याचा ऊस तुरा येऊन रानातच पोकळ होत चाललाय, त्याला विचारा. तो झोपेतसुद्धा आपला नंबर सांगेल.

नंबर कधी कधी बदलावाही लागायचा. कुणाचा ऊस तारेच्या ठिणगीने जळायचा, कुणाच्या रानाची वाट ओढ्याने खचायची. अशा वेळी केरबाची एक पद्धत होती. निळं पेन त्याच्या वरच्या खिशात असायचं आणि लाल पेन सदऱ्याच्या आतल्या खिशात, पैसे ठेवावेत तसं. तो लाल पेन काढायचा, फूटपट्टी लावायचा आणि नावावरून एकच बारीक रेघ ओढायचा. रेघ अशी, की खालचं अक्षर न् अक्षर वाचता यावं. बाजूला तारीख, कारण आणि सही. मग वही उचलून खिडकीत यायचा आणि ज्यांचे नंबर त्यामुळे खाली गेले त्यांची नावं मोठ्याने वाचायचा. कट्ट्यावर चार माणसं असोत नाहीतर चाळीस.

"ज्ञानू खोत, तुझा तेविसाचा चोविसावा झाला. बाळासोचा ऊस जळालाय, त्यो वर घेतलाय. काय म्हणायचं हाय?"

ज्ञानू काय म्हणणार? जळालेला ऊस त्याला रस्त्यावरून दिसत होता. तो पान थुंकायचा आणि म्हणायचा, "घ्या की. म्या कुटं नगं म्हंतोय?"

एका वर्षी केरबाचा स्वतःचाच अर्धा एकर जळाला. त्याने स्वतःचं नाव खोडलं, वर लिहिलं, खिडकीत येऊन वाचलं आणि स्वतःलाच विचारलं, "केरबा चौगले, लाज वाटती का?" कट्टा हसून लोळला. पण दोघे जण उठून त्याच्या रानाकडे जाऊन खरंच जळालंय का ते बघून आले, आणि केरबाला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, बघायसाठीच तर वाचतोय.

संयोगिताबाईंची आणि या खिडकीची ओळख १९९३ साली झाली. बाई कोल्हापुरात कॉलेजात गणित शिकवायच्या. नवरा विजयसिंह शेती बघायचा, आणि तो त्या वर्षी अचानक गेला. अडीच एकर ऊस बाईंच्या अंगावर आला. केरबा हा विजयसिंहाच्या शाळेतला सोबती, त्यामुळे बाई त्याला भाऊजी म्हणायच्या आणि तो त्यांना वैनी. बाईंना वाटलं, चला, घरचंच माणूस आहे. त्यांनी लागणीची तारीख आठ दिवस आधीची सांगितली. म्हणजे त्यांच्या हिशेबी ती खोटी नव्हती. रान त्या दिवशी तयार झालं होतं.

"वैनी, लागण सोळा तारखंला झालीया," केरबा वहीतून मान वर न करता म्हणाला. "पाणी पाजणारा म्या बगितलाय."

"भाऊजी, आठ दिवसांनी काय आभाळ कोसळतं?"

"आट दिवसांत सत्तावीस माणसं हाईत. त्यांची नावं वाचू का?"

बाईंनी सोळा तारीख लिहू दिली. आयुष्यात त्यांनी फार वेळा माघार घेतलेली नाही, म्हणून हे लक्षात राहिलं. राग आला, आणि घरी पोचेपर्यंत तो गेलाही. त्यानंतर चौदा वर्षं बाईंनी खरी तारीख सांगितली आणि केरबाने खरी लिहिली. कधी हंगाम संपल्यावर तो त्यांच्या कळंब्याच्या घरी यायचा, चहा बशीत ओतून प्यायचा, आणि त्यांच्याकडचा चौकटी कागद मागून न्यायचा. आलेखाच्या त्या कागदाची त्याला फार अपूर्वाई. म्हणायचा, असल्या कागदावर माणूस तिरकं लिवूच शकत न्हाय.

२००७ साली कारखान्याने ठरवलं की क्रमपाळी आता कॉम्प्युटरवर. शेती अधिकारी हंबीरराव बाईंना म्हणाले, "वहिनीसाहेब, तुमच्या हाताखालची चार पोरं त्या धंद्यात असतील की." बाईंनी विद्याश्रीचं नाव दिलं. विद्याश्री हातकणंगल्याची, कपाळाला भस्माचं बारीक बोट, घरी आईशी कानडीत बोलायची, वर्गात कुणाशीच नाही. गणितात मात्र तिचा हात धरणारा बाईंना दहा वर्षांत दुसरा मिळाला नव्हता. शाहूपुरीत टायरच्या दुकानावर एक सहा माणसांचं ऑफिस होतं, तिथे ती वेबची पानं बनवायची. दर रविवारी ती बाईंकडे येऊन काम दाखवू लागली.

क्रमपाळीचं पान तिने असं केलं होतं. पडद्यावर यादी. नंबर बदलायचा तर नवा आकडा टाइप करायचा नाही. माऊसने ती ओळ धरायची, उचलायची आणि पाहिजे तिथे नेऊन सोडायची. त्या वेळी हे नवं होतं. इतर ठिकाणी एक बटण दाबलं की अख्खं पान पांढरं होऊन परत यायचं. इथे पान हलतच नव्हतं, ओळ हलत होती.

"यात तीनच गोष्टी आहेत मॅडम," विद्याश्री म्हणाली. "बटण दाबलं, माऊस हलला, बटण सोडलं. दाबल्यावर ओळ पुसट करायची, हलला की माऊसच्या मागं न्यायची, सोडली की तिथं बसवायची."

"आणि बाकीच्या ओळी?"

"त्या सरकून जागा देतात. पण बघा ना, धक्का बसल्यासारख्या सरकतात. बरं दिसत नाही."

बाईंनी चष्मा लावला. ओळी सारख्या वेगाने सरकत होत्या आणि एकदम थांबत होत्या. बाईंनी पेन्सिल घेतली आणि चौकटी कागदावर कोसाइनची अर्धी लाट काढून दिली. सुरुवातीला हळू, मध्ये जलद, शेवटी परत हळू. विद्याश्रीने ती तिथेच घातली, वेळ ठेवला अर्धा सेकंद, आणि ओळी अशा सरकू लागल्या की पंगतीत एखादा उशिरा आला तर माणसं मांडी आवरून जागा करतात, तशा. सोडलेली ओळ क्षणभर पिवळी उजळायची आणि पांढरी होऊन इतरांसारखी बसायची. बाईंनी ते दहा वेळा करून बघितलं. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

अजून एक होतं. ओळ सोडली की एक छोटा चौकोन उघडायचा: बदलाचं कारण लिहा.

"हे कशाला?" बाई म्हणाल्या.

"केरबाकाका म्हणाले होते की वहीत कारण असतं."

"दर वेळी हे आडवं येणार? माणसं वैतागतील. काढ ते."

विद्याश्रीने काढलं. आपल्या मॅडम सांगतायत म्हटल्यावर तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ऑगस्टात गट ऑफिसात ते पान पहिल्यांदा दाखवलं. हंबीरराव खुर्ची ओढून बसले आणि लहान पोरासारखे ओळी वर खाली करू लागले. "आयला, काय सरकतंय. लोण्यात सुरी." खिडकीबाहेरची माणसंसुद्धा माना आत घालून बघायला लागली. केरबा मागे उभा होता, टोपी हातात धरून.

"बाई," तो विद्याश्रीला म्हणाला. तो तिला बाईच म्हणायचा. "आता ही वळ हितं आली. आदी कुटं हुती?"

"आता हाच तिचा नंबर, काका. सेव्ह झाला."

"त्ये झालं. पर आदीचं खोडल्यालं कुटं दिसंल?"

हंबीरराव हसले. कट्ट्यावरचेही हसले. आणि संयोगिताबाई, ज्यांना निदान एवढं तरी कळायला हवं होतं, त्या म्हणाल्या, "भाऊजी, खोडाखोड नको म्हणूनच तर हे सगळं केलं."

केरबाने टोपी डोक्यावर घातली. "बरं," म्हणाला. वही त्याने कपाटात ठेवली. दर सकाळी यादी छापून निघायची, तिच्याखाली हेडक्लार्क म्हणून त्याने सही करायची आणि ती खिडकीला चिकटवायची, एवढं काम त्याच्याकडे उरलं. मोठ्याने वाचायचं बंद झालं. वाचणार काय? काय बदललं ते त्यालाच यादी छापून निघाल्यावर कळायचं.

आता डिसेंबरातलं. १९ तारीख, बुधवार. बाईंचा नंबर एकशे बारा होता, म्हणजे तोड जानेवारीच्या शेवटी. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला लेकीचं बाळंतपण. बाईंना ऊस तोडून, रान मोकळं करून, कुलूप लावून जायचं होतं. अडचण होती म्हणावं, तर तशी नव्हती. ज्ञानू खोताचं रान बाईंच्या बांधाला लागून, त्याने सांगितलंही होतं, मी बघतो वैनी, तुमी जावा निर्धास्त. पण बाईंना कुठलंही काम मागे ठेवून जायला आवडत नाही. कारण विचाराल तर एवढंच.

त्या ऑफिसात गेल्या तेव्हा केरबा जेवणाचा डबा धुवायला मागच्या नळावर गेला होता. हंबीरराव कॉम्प्युटरपाशी होते.

"बसा की वहिनीसाहेब. नंबर कितवा?"

"एकशे बारा. जरा आधी होईल का ते विचारायला आले."

"हात्तिच्या." ते खुर्चीवरून उठले. "तुमीच ओढा की. तुमच्याच पोरीनं केलंय. कुटं पायजे?"

बाई बसल्या. माऊस धरला. स्वतःचं नाव पुसट होऊन बोटाखाली आलं. यादी वर सरकत गेली, शंभर, ऐंशी, साठ. थांबायचं कुठे हे त्यांनी ठरवलं नव्हतं. एकतीसवर हात थांबला आणि त्यांनी बटण सोडलं. एक्याऐंशी ओळी एकेक पायरी खाली उतरल्या, हळू, मग जलद, मग हळू, बाईंच्याच कोसाइनने. बाईंचं नाव पिवळं झालं आणि पांढरं झालं.

बरं वाटलं त्यांना. हेही लिहिलं पाहिजे. एखादं अवघड उदाहरण सुटल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. एक्याऐंशी माणसं डोळ्यांसमोर आली नाहीत, कारण कुणी ती नावं वाचली नाहीत.

केरबा डबा पुसत आत आला तेव्हा बाई उठत होत्या. "या वैनी, च्या सांगू?" म्हणाला. बाई म्हणाल्या, नको, घाई आहे.

ख्रिसमसच्या आत बाईंचा ऊस गेला आणि बाई नागपूरला गेल्या. त्या परत आल्या फेब्रुवारीत, आणि तोवर गावात वेगळंच सुरू झालं होतं. हंबीररावांनी ज्याला त्याला खुर्चीवर बसवलं होतं. मेहुणा, मेहुण्याचा व्याही, मत देणारा, मत फिरवणारा. यादीत लागणीच्या तारखा अशा विस्कटल्या की जूनची लागण ऑगस्टच्या लागणीखाली. आणि दर सकाळी तिच्याखाली सही कुणाची, तर केरबा चौगलेची.

बाई खिडकीपाशी गेल्या तर कट्ट्यावर ज्ञानू बोलत होता. त्याच्या उसाला हातभर तुरे आले होते.

"पस्तीस वर्सं रेघ मारत बसला बिचारा. आता रिटायर हुताना जादू शिकलाय. सकाळी उटून बगावं तर आपला नंबर खाली. केरबा, आमालाबी शिकीव की रं. काय लावतोस त्या उंदराला, लोणी का तूप?"

"ज्ञानू, म्या हात लावल्याला न्हाय."

"मग सही कुणाच्या बाची?"

सही केरबाचीच होती. हंबीररावांचं नाव घ्यावं तर पुरावा काय? ओळ कुठून आली ते पानाला माहीत नव्हतं. पांढऱ्या ओळीत आणि पांढऱ्या ओळीत फरक नव्हता. पस्तीस वर्षं ज्या माणसाने दर बदल लाल शाईत दाखवला, त्याच्याकडे आता दाखवायला काही नव्हतं, आणि ३१ मार्चला त्याची निवृत्ती होती. एवढ्या महिन्याभरात नाव धुऊन निघालं तर निघालं. नाहीतर नऊ गावांत तो उरलेला जन्म लबाड म्हणून फिरणार, हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही.

शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी तो बाईंच्या घरी आला. चहा बशीत ओतला, पण पिता पिता थांबला.

"वैनी, त्या पोरीनं मागं सांगितल्यालं. यादीची एक कापी रोज आपोआप ठेवली जाती म्हणून. खरं का?"

"असेल."

"मग कालची कापी आन् आजची कापी शेजारी ठिवली, की कोन कुटनं हालला त्ये कळंल. व्हय का न्हाय?"

गणिताच्या बाईंना हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. "होय," त्या म्हणाल्या.

त्याने पिशवीतून कारखान्याचा खाकी लिफाफा काढला. उघडाच होता. आत चौकटी कागद, बाईंच्याकडूनच नेलेला. त्याने तो पसरला नाही, बोटाने टेबलावर काढून दाखवलं. "पान असं पायजे. वळ उचलली, की जुन्या जागी तिची सावली ऱ्हायली पायजे, लाल रेघंसकट, वाचता येईल अशी. बाजूला तारीख, कुनी हालवली त्ये, आन् कारन. आन् त्यो पिवळा रंग उडतो न्हवं, त्यो उडायला नगं. हंगाम सपूस्तवर ऱ्हावा. सुरवातीपासनं काड म्हणावं तिला, कापीवरनं. मला आटवत्यात तेवढी अकरा नावं नमुन्याला लिवल्यात. एवडं तिला पोचवा. माजं बोलनं तिला समजायचं न्हाय, तुमी समजावून सांगशिला."

"ती पुण्याला गेली आता. मोठ्या कंपनीत लागली."

"शिवरात्रीला घरी येनारच की. लिंगायताची पोर हाय."

बाईंनी लिफाफ्याला हात लावला. केरबाने तो लगेच सोडला नाही.

"अकरात एक तुमचं हाय, वैनी. एकशे बाराचं." त्याचा आवाज चढला नाही की उतरला नाही. खिडकीतून नाव वाचावं तसाच. "बाकीच्यांची कारनं मला ठावं हाईत, त्ये म्या लिवल्यात. तुमचा रकाना मोकळा ठिवलाय. त्यो तुमी भरा आन् मग द्या. म्या भरला तर अंदाजपंचे हुईल."

बाई काय म्हणाल्या? म्हणाल्या, "बघते."

विद्याश्री खरंच आली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, आईने, शांतव्वाने, दिलेले तंबिटाचे लाडू घेऊन. पुण्याचं बोलली, कंपनीचं बोलली, आणि निघताना चपला घालता घालता विचारलं, "मॅडम, आपली यादी चालते ना नीट?"

लिफाफा आतल्या टेबलाच्या खणात होता. सहा पावलांवर.

"चालते," बाई म्हणाल्या.

"रोजच्या कॉप्या आता फार साठल्या असतील. एक एप्रिलला आपोआप पुसायला लावल्यात मी. काही काढायचं असेल तर आधी सांगा बरं का."

"काही नाही," बाई म्हणाल्या. "गाडी चुकेल, नीघ."

त्यांच्या मनात काय होतं, तेही सांगते. रकाना भरायला त्या दोनदा बसल्या होत्या. लेकीचं बाळंतपण लिहिलं असतं, पण ते जानेवारीत होतं आणि ज्ञानू रान बघायला तयार होता, हे ज्ञानूच उठून सांगणार. खरं कारण लिहायचं तर एकच शब्द होता, आणि तो शब्द खिडकीला चिकटणार, नऊ गावं वाचणार, की कॉलेजातल्या बाईंनी, विजयसिंहाच्या बायकोने, घाई होती म्हणून एक्याऐंशी माणसं खाली ढकलली. हंबीररावाच्या मेहुण्याच्या शेजारी आपलं नाव. बाईंना ते सोसवेना. केरबाचं नाव जातंय हे दिसत होतं, तरी सोसवेना. उद्या देऊ, फोन करू, पोस्टाने पाठवू. जन्मात कधी कुठलं काम मागे न ठेवणाऱ्या बाई हे एक काम रोज मागे ठेवत गेल्या, आणि एक एप्रिल उजाडला.

केरबा ३१ मार्चला निवृत्त झाला. नारळ दिला, शाल दिली. भाषण कुणी केलं नाही. कारखान्याच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक वाक्य आलं: 'क्रमपाळीतील बदलांबाबत संबंधित लिपिकास समज देण्यात आली.' हंबीररावांची बदली झाली, पण ती बढतीवर.

त्यानंतर केरबा कट्ट्यावर फिरकला नाही. सायकल पुतण्याला देऊन टाकली. दिवाळीच्या बाजारात एकदाच बाईंना भेटला, हातात पणत्यांची पिशवी.

"वैनी, कागद पोचला का?"

"पोरगी कामात असते, भाऊजी."

"असंल," तो म्हणाला. "पुन्यात लई काम असतंय म्हंत्यात." आणि बाईंची पिशवी जड दिसली म्हणून त्याने ती रिक्षापर्यंत नेऊन दिली.

एप्रिलमध्ये तो गेला. छातीत कळ आली, गाडी मिळेपर्यंत संपलं. मयतीला ज्ञानू होता, बाळासो होता. कुणी वाईट बोललं नाही. मयतीत बोलत नाहीत.

झाली गोष्ट. आता परत तुमच्याशी बोलते, भाऊजी.

काल तुमच्या घरच्या, चिमणाबाई, आल्या होत्या. तुमचे सदरे वाटून टाकताना आतल्या खिशात लाल पेन सापडलं म्हणे, ते माझ्याकडे ठेवायला आणलं. घरात कुणी लिहिणारं नाही. आणि म्हणाल्या, "ह्यांचं तुमच्याकडं कायतरी कागुद हुतं न्हवं? कुनाला तरी द्याचं हुतं म्हणत हुते. दिलासा का?"

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. चहा केला.

त्या गेल्यावर लिफाफा काढला आणि कागद पहिल्यांदा पूर्ण पसरला. अकरा ओळी, एकही तिरकी नाही. सातवी माझी. एकशे बारा, त्यावर रेघ, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. शेजारी एकतीस, १९ डिसेंबर, कुणी हलवली: स्वतः. कारणाच्या रकान्यात तुम्ही पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलंय: वैनी भरतील.

विद्याश्रीला आज फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की कॉप्या पुसून दीड वर्ष झालं, कारखान्यात आता दुसऱ्याच कंपनीचं पान आहे. मग म्हणाली, "मॅडम, तरी तो कागद पाठवा. मला पाहिजे." पत्ता सांगितला, तो मी लिफाफ्यावर लिहिला. तुमचं लाल पेन समोर आहे, झाकण काढलेलं. पोस्ट पाचला बंद होतं, आता सव्वाचार झालेत, आणि सातव्या ओळीचा रकाना अजून मोकळाच आहे.